लॅम्बोर्गिनी टेमेरारिओ इंदुरात पाहिली. दहा सिलिंडरचं व्ही-टेन इंजिन गेलं ते बरं की वाईट?

रामबागकर | रविवार, सकाळी ११.४०

मंडळी, आज सकाळी छप्पन दुकानला पोहे-जलेबी आणायला गेलो होतो आणि घरी यायला पाऊण तास उशीर झाला.

रस्त्याच्या कडेला एक हिरवी गाडी उभी होती. लांबून वाटलं लॅम्बोर्गिनीचीच आधीची हुराकान. जवळ गेलो तर पुढच्या दिव्यांत षटकोनी कड्या, मागे मधोमध एकच भलंमोठं षटकोनी धुराडं, तेही चांगलं वर. मागे जाऊन वाकलो तर टायर जवळजवळ पूर्ण उघडे, मोटरसायकलचे दिसतात तसे. म्हणजे टेमेरारिओ! चित्रांत शंभर वेळा पाहिलेली, पण समोर उभी राहिली की अंगावर येते. रुंदी तर चित्रांत कळतच नाही.

मालक तिशी-पस्तिशीचा मुलगा, हातात पोह्यांचा कागद. मी विचारलं, "आत डोकावू का?" तो म्हणाला, "काका, बसाच ना." बसलो नाही, दारातूनच पाहिलं. आसन इतकं खाली की हात टेकवला तर रस्ता लागेल.

पण धागा काढला तो पुढच्या प्रसंगासाठी. मुलानं गाडी चालू केली आणि काहीच ऐकू आलं नाही. आम्ही दहा-बारा जण कान टवकारून उभे, आणि गाडी पाण्यावरून नाव सरकावी तशी सरकली. समोरच्या गतिरोधकाशी तिनं नाक वर उचललं, सावकाश ओलांडलं, पुन्हा खाली घेतलं. तोवर सगळं विजेवर. कोपऱ्यावर वळताना मागचं इंजिन लागलं आणि पोहेवाल्यानं झारा हातात धरून वर पाहिलं.

शहरात चालवायच्या त्या मोडचं नाव 'चित्ता' आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ शहर.

आवाज ऐकला आणि मन भरून आलं, पण काहीतरी चुकल्यासारखंही वाटलं. २००३ मध्ये गॅलार्डो आली तेव्हापासून २०२४ मध्ये हुराकान थांबेपर्यंत एकवीस वर्षं या घराण्याच्या धाकट्या गाडीत दहा सिलिंडरचं इंजिन होतं. टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारी पाती) नाही, बॅटरी नाही. आता चार लिटरचं व्ही-एट, दोन टर्बो, तीन विजेच्या मोटरी. एकूण ९२० हॉर्सपॉवर, शंभरचा वेग २.७ सेकंदांत, कमाल वेग ताशी ३४३ किलोमीटर. २०२५ मध्ये भारतात आली तेव्हा किंमत ६ कोटी, एक्स-शोरूम.

आकड्यांत हुराकान कुठंच टिकत नाही. मग माझी चुटपुट कशाची? जाणकारांनी सांगावं.

---

पिथमपूरचा_पिस्टन | रविवार, दुपारी १२.२५

रामबागकर, उत्तम धागा. पोहेवाल्याचं वाचून डोळ्यांपुढे दृश्य उभं राहिलं.

माझी सत्तावीस वर्षं टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिनं बांधून तपासायच्या जागी गेली, बहुतेक डिझेल. त्या कानांनी आणि त्या हातांनी बोलतो: हे नवं व्ही-एट म्हणजे फार मोठं काम आहे. 'टर्बो लावला, झालं' असं कुणी म्हणू नये.

या इंजिनाची रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची वरची मर्यादा, १०,००० आरपीएम आहे. मिनिटाला दहा हजार म्हणजे सेकंदाला १६६ फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर एकदा थांबतो, खाली एकदा थांबतो. म्हणजे एका सेकंदात ३३३ वेळा तो पूर्ण थांबतो आणि पुन्हा सुटतो. त्याला थांबवायचं आणि ओढून न्यायचं काम कनेक्टिंग रॉड करतो. हा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. हुराकानची रेडलाइन ८,५०० होती. बाकी सगळं तेच धरलं तर ८,५०० वरून १०,००० वर जाताना रॉडवरचा ताण ३८ टक्क्यांनी चढतो. म्हणून इथे रॉड टायटॅनियमचे आहेत. पोलादाचा जड रॉड स्वतःच्याच वजनानं स्वतःला ओढून तोडायला बघतो. तुटलेला रॉड मी हातात घेतलेला आहे. ब्लॉकला मुठीएवढं भोक पाडून तो बाहेर आला होता आणि तासाभरानंतरही गरम होता. तेव्हापासून फिरत्या वस्तूचा वेग मी कधी हलक्यात घेतला नाही.

दुसरी गोष्ट टर्बोची. वरच्या फेऱ्यांना भरपूर हवा लागते, त्यासाठी टर्बो मोठा हवा. मोठा टर्बो खालच्या फेऱ्यांवर आळसावतो, पाय दाबला तरी क्षणभर उत्तर देत नाही. म्हणून आजवर रस्त्यावरच्या गाड्यांची टर्बोची इंजिनं बहुधा खाली-मध्यात जोर दाखवायची आणि सात-साडेसात हजारांवर दमायची. इथे तो रिकामा क्षण विजेची मोटर भरून काढते. एक मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, दोन पुढच्या चाकांना. बॅटरी फक्त ३.८ किलोवॉट-तासांची, लांब पल्ल्यासाठी नाहीच ती. मोटर आहे म्हणून टर्बो मोठा ठेवता आला, टर्बो मोठा म्हणून इंजिन ९,००० ते ९,७५० च्या टप्प्यात ८०० हॉर्सपॉवर देतं. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात.

लोक 'हायब्रिड' म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला वाईट वाटतं. हे पेट्रोल वाचवायला लावलेलं ठिगळ नाही.

---

सिमरोलचा_घाट | रविवार, दुपारी १.१०

पिस्टनकाका, इंजिनाबद्दल शब्द नाही. पण वजनाचं काय?

टेमेरारिओचं कोरडं (इंधन-तेल न भरता) वजन १,६९० किलो. हुराकान इव्हो १,४२२. फरक २६८ किलोंचा. चार माणसं कायमची बसवून फिरण्यासारखं आहे. टनामागे हॉर्सपॉवर काढली तर नवी ५४४, जुनी ४५०, म्हणजे सरळ रस्त्यावर नवीच पुढे जाणार. वळणावर मात्र वजन कुणाचं ऐकत नाही.

मला २०१९ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर हुराकान इव्होत शेजारी बसायला मिळालं होतं. चालवणाऱ्यानं लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक मारला तेव्हा पट्टा खांद्यात रुतला. मग वळणात गाडीचं नाक आत वळलं ते असं, की मी मान वळवायच्या आत गाडी वळून मोकळी. काहीही उशिरा होत नव्हतं. पाय, इंजिन, चाक, रस्ता, सगळं एकाच दोरीला बांधलेलं.

नव्या गाडीत पुढची चाकं विजेवर, मागची इंजिनावर, आणि मध्ये संगणक ठरवणार कुणाला किती. गाडी हुशार होईल, वेगवान होईल. ती दोरी तशीच लागेल का, हा माझा प्रश्न आहे.

---

पिथमपूरचा_पिस्टन | रविवार, दुपारी १.३५

घाट, प्रश्न रास्त आहे. इतकंच जोडतो की पुढच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटरी असल्यामुळे वळणात बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी जोर देता येतो. गाडी त्या जोरावरच आत वळते. वजन त्यामुळे नाहीसं होत नाही, पण जाणवतं कमी. ब्रेकखाली आणि टायरच्या झिजेत मात्र २६८ किलो पूर्ण वसूल होतात. तिथे तू बरोबर आहेस.

---

नंदलालपुरा_सई | रविवार, दुपारी २.०५

मला दिसायला हुराकानच आवडते. ती एका फटक्यात ओढलेल्या रेषेसारखी होती. ही मागून सुंदर आहे, पुढून जरा गर्दी वाटते. आणि मागचे उघडे टायर पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर काय चिखल उडवतील!

---

पेटीवाला | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार. मी गाड्यांतला नाही, पेटीची साथ करतो, तीसेक वर्षं झाली. मुलगा हा धागा वाचत होता. त्यानं दोन्ही गाड्यांचे आवाज ऐकवले आणि म्हणाला, "बाबा, रामबागकर काकांना काय चुकल्यासारखं वाटतंय ते तुम्हीच सांगा." म्हणून पेटी काढली. जे सापडलं ते लिहितो, यंत्राबद्दल चुकलो तर सुधारा.

मुलानं समजावलं ते असं: अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात चार वेळा, दहाचं पाच वेळा. नवी गाडी दहा हजारांवर गेली की सेकंदाला ६६७ ठिणग्या. जुनी साडेआठ हजारांवर ७०८.

६६७ म्हणजे तार सप्तकातल्या पांढरी तीनच्या (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) जवळ. ७०८ म्हणजे पांढरी चारच्या जवळ. पांढरी एकला सा धरला तर नवी गाडी गंधारावर पोहोचते आणि जुनी मध्यमावर. नवं इंजिन दीड हजार फेरे जास्त मारतं, तरी जुनी अर्ध्या स्वरानं वर गाते! रामबागकर, तुमच्या कानानं हे पकडलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दोन्ही इंजिनं एकाच फेऱ्यांवर ठेवली, समजा तीन हजारांवर, तर व्ही-एट सेकंदाला २०० वेळा पेटतं आणि व्ही-टेन २५० वेळा. चारास पाच. हे प्रमाण कोणत्या स्वराचं? षड्जाला चार धरले तर शुद्ध गंधार पाच. अगदी नेमका. तंबोरा उत्तम मिळाला की खर्जाच्या तारेतून जो न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तोच हा. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, म्हणून पेटीवर तो पूर्ण मिळत नाही.

मुलगा म्हणाला, यांची मोठी गाडी बारा सिलिंडरची आहे, रेव्हुएल्टो. बारास आठ म्हणजे तीनास दोन. तो पंचम.

म्हणजे व्ही-एट सा, व्ही-टेन ग, व्ही-बारा प. आणि त्यातलं व्ही-टेन आता बंद. उरले सा आणि प. हे दोन्ही आपल्याकडे अचल स्वर. ते पाया देतात, आधार देतात. रंग येतो गंधारानं.

इंदूर हे अमीर खाँसाहेबांचं गाव. इथल्या माणसाला गंधार गेलेला कळणारच.

---

सिमरोलचा_घाट | रविवार, रात्री ९.३८

काका, अंगावर काटा आला. दोन वेळा वाचलं.

---

नंदलालपुरा_सई | रविवार, रात्री ९.४४

मी बाबांना वाचून दाखवलं. ते तंबोरा काढायला उठले आहेत.

---

पिथमपूरचा_पिस्टन | रविवार, रात्री १०.१५

पेटीवाले, हिशेब चोख आहे. टेस्ट बेडवर आम्ही याच ठिणग्यांच्या मोजणीला 'ऑर्डर' म्हणतो आणि आलेखावर बघतो. चारास पाच, हे आकडे आयुष्यभर डोळ्यांसमोर होते, पण तो गंधार आहे हे आज कळलं.

एक भर घालतो. जुन्या इंजिनाचा धूर सिलिंडरमधून निघून थेट बाहेर यायचा. नव्यात तो आधी टर्बोची पाती फिरवतो. पाती फिरवायला लागणारी शक्ती त्या धुरातूनच जाते आणि तिच्याबरोबर आवाजाची धारही. स्वर लागतो, पण त्यावर बोळा ठेवल्यासारखा. नव्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) सपाट ठेवला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ठिणग्या आळीपाळीनं, समान अंतरानं पडतात आणि आवाज शक्य तितका स्वच्छ राहतो. कारागिरांनी हातचं काही राखलेलं नाही.

---

वत्सला_तिलकनगर | सोमवार, सकाळी ७.५०

सगळ्यांचे प्रतिसाद मनापासून आवडले. पेटीवाल्यांचा तर मी उतरवून ठेवला.

पण मला एक लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला माझा भाचा सुपर कॉरिडॉरवरून स्कूटरनं घरी येत होता. मागून दोन गाड्या शर्यत लावत आल्या. एकीचा आरसा त्याच्या हँडलला लागला. गाडी थांबली नाही, नंबरही मिळाला नाही. त्याच्या उजव्या पायात सळई आहे. क्रिकेट सुटलं. आजही मागून मोठा आवाज आला की तो स्कूटर कडेला घेऊन उभा राहतो. पाय जमिनीवर टेकवतो आणि आवाज पुढे जाईपर्यंत हलत नाही. मी मागे बसलेली असते तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा दगडासारखा लागतो.

ती गाडी अशी महागडीही नव्हती. पण तुम्ही ज्या आवाजाला गंधार म्हणता, तो रस्त्यावर कुणाच्या पाठीमागून येतो, हेही लक्षात असू द्या. तुमची आवड खोटी नाही, भाच्याची भीतीही खोटी नाही.

---

रामबागकर | सोमवार, सकाळी ८.३०

वत्सलाताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. काल त्या मुलानं गतिरोधक ज्या सबुरीनं ओलांडला ते मी मुद्दाम लिहिलं होतं, कारण मला तेच सगळ्यात आवडलं. पण सगळे तसे नसतात, हे खरं. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

---

पिथमपूरचा_पिस्टन | सोमवार, सकाळी ९.०५

ताई, तरुण मंडळी हा धागा वाचत असतील, त्यांच्यासाठी सरळ हिशेब देतो. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला २८ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. २८ मीटर गेलेच. दोनशेच्या वेगाला ५६ मीटर. आणि थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट. टेमेरारिओला कार्बन-सिरॅमिक ब्रेक आहेत, जगातले उत्तमातले. ते पायानंतर कामाला लागतात. त्या आधीच्या एका सेकंदावर कुठल्याही कंपनीकडे इलाज नाही.

सुपर कॉरिडॉर रुंद आहे म्हणून तो ट्रॅक होत नाही. त्यावर आता मेट्रोची स्थानकं आहेत, लोक पायी ओलांडतात. ज्याला वेग हवा त्यानं ट्रॅकवर जावं.

---

होळकरी_फेटा | सोमवार, दुपारी १२.००

सहा कोटींची गाडी पाहून शहर उलटलं असेल, पण इंदुराला हे नवं नाही. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांचा काळ आठवा. १९२६ ते १९४८ त्यांची कारकीर्द. त्यांची ड्यूसेनबर्ग एसजे म्हणजे त्या काळची टेमेरारिओ, किंबहुना त्याहून मोठी गोष्ट.

सरळ रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, वर सुपरचार्जर (इंजिनानंच फिरणारा, जास्त हवा दाबणारा पंखा), ३२० हॉर्सपॉवर. तीसच्या दशकात! इंजिन आणि सांगाडा अमेरिकेचा, वरचं शरीर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेलं. एवढ्या लांबलचक गाडीत आसनं फक्त दोन. आणि रंग केशरी व काळा. गाडी सातासमुद्रापार घडली, पण रंग आपल्या मातीचा. मी छायाचित्र प्रथम पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या रंगाकडेच बघत होतो. पुढच्या मडगार्डची रेष लांब लांब मागे जाते आणि केशरी तिच्यावरून वाहत गेल्यासारखा दिसतो.

ती गाडी आता परदेशात आहे. माणिकबाग महाल, जो जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी त्यांच्यासाठी बांधला, तो इथेच आहे. त्यात आज केंद्रीय जीएसटी आणि उत्पादन शुल्काचं कार्यालय आहे.

मला इतकंच म्हणायचं आहे की सुंदर यंत्राची ओढ या शहरात मुरलेली आहे. त्या मुलाच्या गाडीभोवती दहा-बारा माणसं पोहे थंड होईपर्यंत उभी राहिली, ती श्रीमंतीला सलाम करायला नव्हेत.

---

सीए_सुदामानगर | सोमवार, दुपारी २.४०

फेटासाहेबांनी कर-कार्यालयाचा विषय काढलाच आहे, तर किमतीचं गणित मांडतो. लोक सहा कोटी ऐकून कंपनीला बोल लावतात, म्हणून.

बाहेरून पूर्ण तयार येणारी, ४० हजार डॉलरच्या वरची गाडी. बंदरात १०० रुपयांना उतरली असं समजा. मूळ सीमाशुल्क ७० टक्के, शिवाय त्याच १०० वर कृषी अधिभार ४० टक्के. झाले २१०. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के. झाले २९४. विक्रेत्याचा नफा, विमा, आरटीओ यांच्याआधीच १०० चे २९४. म्हणजे मालकानं एका गाडीबरोबर दोन गाड्यांचे पैसे सरकारजमा केले.

आरटीओचा कर वेगळा, आणि सहा कोटींवर तो लहान नसतो. उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात २०२४ आणि २०२५ मध्ये या करात निम्मी सूट होती, ग्वाल्हेरच्या मेळ्यातही मिळते. आपल्याकडचे लोक पंचावन्न किलोमीटरवर उज्जैनला जाऊन गाडी घेतात ते याचसाठी.

माझं मत विचाराल तर हे पैसे उधळणं नाही. ज्याच्याकडे आहेत त्यानं खर्चावेत, कर भरावा. माझ्याकडे असते तर मी जुनी हुराकान शोधली असती.

---

वत्सला_तिलकनगर | सोमवार, दुपारी ३.१५

करातून रस्त्यावर दिवे लागोत, एवढीच इच्छा. कॉरिडॉरवर ज्या ठिकाणी भाचा पडला तिथे खांब होता, दिवा नव्हता.

---

नवखा_यांत्रिकी | सोमवार, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांना नमस्कार. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिस्टनकाकांनी लिहिलेलं वहीत उतरवलं. वर्गात कनेक्टिंग रॉडचा धडा झाला होता, पण वेगाचा वर्ग म्हणजे हातात गरम तुटलेला रॉड, हे आज समजलं.

काका, ट्रॅकवर जावं म्हणालात. नॅट्रॅक्स, पिथमपूरचं गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र, आपल्या जवळच आहे ना? तिथे अशी गाडी पूर्ण वेगानं धावू शकते का? तुम्ही आत गेला आहात?

---

पिथमपूरचा_पिस्टन | सोमवार, रात्री ८.५०

बाळा, गेलो आहे. कामानिमित्तच, पण ती दुपार विसरणार नाही.

नॅट्रॅक्सचा हाय-स्पीड ट्रॅक २९ जून २०२१ ला सुरू झाला. लांबी ११.३ किलोमीटर, चार मार्गिका, रुंदी १६ मीटर. आशियातला सर्वांत लांब ट्रॅक म्हणून त्याची नोंद झाली. दोन सरळ पट्टे, आणि दोन टोकांना प्रचंड वळणं, ती बाहेरच्या अंगाला उचललेली.

ती वळणं लांबून साधी वाटतात. मी सगळ्यात वरच्या मार्गिकेशी पायी गेलो होतो. तळाशी चालणं सोपं, वर जाल तसा घोटा वाकायला लागतो, मग एक हात जमिनीला टेकवावासा वाटतो. थंडीचे दिवस होते, तरी डांबर कोमट होतं. वर उभं राहून खाली पाहिलं तर ट्रॅकची आतली कड एखाद्या विहिरीच्या तळासारखी दिसली. तिथे ताशी २५० हा 'न्यूट्रल' वेग आहे. म्हणजे त्या वेगानं वळणात शिरलं की उतारच गाडीला वळवतो, स्टिअरिंग ओढावं लागत नाही. सरळ चालल्यासारखं हात सैल ठेवायचे. वळणांवर ३७५ पर्यंत जाता येतं.

आता तुझा प्रश्न. टेमेरारिओचा कमाल वेग ३४३. तो वेग कायम राखला तर ११.३ किलोमीटरची एक फेरी दोन मिनिटांच्या आत. तू चहा गाळशील तेवढ्यात. देशात कुठल्याही रस्त्यावर हा वेग शक्य नाही आणि करूही नये. इथे शक्य आहे, आणि हे ठिकाण आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

ट्रॅक कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, हौसेनं सहज आत जाता येत नाही. पण तू शिकून तिथे नोकरीला लागू शकतोस. मी तुझ्या वयाचा असताना हे नव्हतं. चाचणीला आमची इंजिनं गाडीत घालून आम्ही एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) रात्री न्यायचो, ट्रकांच्या मध्ये.

---

सिमरोलचा_घाट | सोमवार, रात्री ९.१०

काका, न्यूट्रल वेगाचं इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पहिल्या प्रतिसादातलं एक वाक्य मागे घेतो. संगणक मध्ये आला म्हणून दोरी तुटेल, असं मी धरून चाललो होतो. आज दिवसभर विचार केला. हुराकानमध्येही ब्रेक, गिअर, पकड सगळीकडे संगणक होताच, आणि तरी ती दोरी मला लागली होती. म्हणजे दोरी लावणारा माणूस कसा आहे यावर ते असतं. नव्या गाडीत बसल्याशिवाय मी निकाल देणार नाही. वजनाची तक्रार मात्र कायम.

---

रामबागकर | सोमवार, रात्री १०.२०

मंडळी, मला माझं उत्तर मिळालं. चुटपुट गंधाराची होती. आणि नव्या इंजिनाबद्दलचा माझा आकसही गेला. ३३३ वेळा थांबणारा पिस्टन आता डोक्यातून जाणार नाही.

आज संध्याकाळी तो मुलगा पुन्हा भेटला, सराफ्यात, गराडू खाताना. पायी आला होता. मी त्याला हा धागा दाखवला. पेटीवाल्यांचा प्रतिसाद त्यानं तिथेच उभ्यानं पूर्ण वाचला, मग वत्सलाताईंचाही. थोडा वेळ गप्प होता. म्हणाला, "काका, माझ्याकडे आधी हुराकान होती. विकायच्या आदल्या दिवशी तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला आहे, तीन हजारांवर धरून. का केला ते तेव्हा कळलं नव्हतं." रेकॉर्डिंग तो द्यायला तयार आहे. टेमेरारिओही तीन हजारांवर धरून ऐकवीन म्हणाला. मोकळ्या जागी, दिवसा, उभ्या गाडीत.

पेटीवाले, पुढच्या रविवारी सकाळी आठला लालबागच्या फाटकाशी जमेल का? पेटी आणाल?

---

पेटीवाला | सोमवार, रात्री १०.४१

येतो. पेटी नको, तिचा गंधार चढा पडेल. तंबोरा आणतो. त्या मुलाला सांगा की षड्ज गाडीचाच धरू, तारा मी तिला मिळवून घेईन.

---

वत्सला_तिलकनगर | सोमवार, रात्री १०.५५

भाच्याला विचारलं. तोही येतो म्हणतोय. गाडी चालू करायच्या आधी त्याला सांगा म्हणजे झालं.